हिवाळ्यात ऊन खायला कॅरिबियन: सोपं बेट कसं निवडायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीत डिसेंबरचा पहिला बर्फ पडला की ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. "चार दिवस कुठेतरी उन्हात जाऊन पडायचंय. तुम्ही जाता ना त्या बेटांवर? कुठलं घेऊ?" दर वेळी तेच सांगून झाल्यावर शेवटी हे पान लिहायला घेतलं. अमेरिकेत किंवा कॅनडात राहणारं, बहुतेकांकडे अजून भारतीय पासपोर्ट असलेलं, सोबत लहान मूल किंवा भारतातून आलेले आई-बाबा असलेलं मराठी घर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. व्हिसाचे नियम बदलत राहतात. म्हणून इथे वाचलंत तरी तिकीट काढण्याआधी त्या त्या देशाच्या सरकारी पानावर एकदा खात्री करून घ्या.

सोपं बेट म्हणजे नेमकं कुठलं?

माझ्या लेखी तीन गोष्टी जुळल्या की बेट सोपं. तुमच्या शहरातून तिथे थेट विमान जातं. तुमच्याकडच्या कागदपत्रांवर तिथे जाता येतं आणि, मुख्य म्हणजे, परत येता येतं. आणि विमानतळाबाहेर पडल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पाय पाण्यात असतात. निळं पाणी आणि पांढरी वाळू मी यात मोजतच नाही, ती जवळपास सगळीकडे आहे. फोटो बघून बेट ठरवलं की माणूस नेमका इथेच फसतो.

आम्ही हे ठेच लागून शिकलो. मुलगी तीन वर्षांची असताना सेंट जॉनला निघालो. बेट विलक्षण सुंदर, निम्म्याहून जास्त जागा राष्ट्रीय उद्यानाची. पण सेंट जॉनला विमानतळच नाही. विमान सेंट थॉमसला उतरतं, तिथून टॅक्सीने डोंगर ओलांडून रेड हूकचा धक्का गाठायचा, मग फेरीबोट, आणि पलीकडे उतरल्यावर पुन्हा टॅक्सी. आमचं पहिलं विमान बर्फामुळे चार तास उशिरा सुटलं, पुढचं चुकलं, आणि धक्क्यावर पोचलो तेव्हा शेवटची बोट गेली होती. झोपलेली पोर खांद्यावर, दोन बॅगा, कार सीट, आणि समोर काळं पाणी. ती रात्र मिळेल त्या खोलीत काढली. पाच दिवसांतला एक दिवस तिथेच गेला. बेटात काही खोट नव्हती, पण त्या वयाच्या मुलीला घेऊन फेब्रुवारीत जायचं ते बेट नव्हतं. तेव्हापासून तिकीट बघताना मी आधी वाहनं किती बदलायची ते मोजते.

पाल्हाळ नको, एकच नाव सांगा.

पहिल्यांदाच जाताय, सगळ्यांचे व्हिसा चालू आहेत, सोबत लहान किंवा वयस्क माणसं आहेत: अरुबा. कागदपत्रांचा घोळ आहे किंवा अमेरिकेबाहेर पाऊल टाकायची धास्ती वाटते: पोर्तो रिको. वाळूवर नुसतं लोळायचं नाही, तिथली माणसं, बोलणं, खाणं, क्रिकेट असं सगळं हवंय: बार्बाडोस.

माझ्या पासपोर्टमधला एच-वन-बीचा (नोकरीच्या व्हिसाचा) स्टॅम्प संपलाय, पण आय-७९७ (त्याच्या मंजुरीचं पत्र) चालू आहे. अरुबाला जाऊन येता येईल का?

नाही. हा प्रश्न मी सगळ्यात गंभीरपणे घेते, कारण यात सुट्टी तर जातेच, नोकरीही अडकू शकते. "अहो, तीस दिवसांच्या आत परत आलं की जुना स्टॅम्प चालतो" हे वाक्य आपल्या लोकांत फार फिरतं, आणि ते अर्धंच खरं आहे. ही सवलत ऑटोमॅटिक रीव्हॅलिडेशनची. एच-वन-बी आणि एच-फोरवाल्यांना (एच-वन-बीवाल्याच्या नवरा-बायको-मुलांना) ती फक्त कॅनडा आणि मेक्सिकोच्या छोट्या सफरीला लागू होते. कॅरिबियन बेटं तिच्यात धरली जातात ती एफ आणि जे व्हिसावाल्या विद्यार्थ्यांसाठी, आणि त्यातूनही क्यूबा वगळलेलं आहे. म्हणजे तुमचा एमएस करणारा भाचा जाऊन येऊ शकेल आणि तुम्ही तिकडेच अडकून पडाल.

पूर्वी काही जण बहामा किंवा बार्बाडोसला जाऊन सुट्टीतच स्टॅम्पिंग उरकायचे. सप्टेंबर २०२५पासून अमेरिकेने अर्जदाराने स्वतःच्या देशातून किंवा राहत्या देशातूनच अर्ज करावा असं धोरण आणलं आहे, त्यामुळे त्या भरवशावर राहू नका.

स्टॅम्प संपला असेल तर पोर्तो रिको घ्या. ती अमेरिकेचीच भूमी, विमान देशांतर्गत, तुम्ही देश सोडलेलाच नसतो. पासपोर्ट, आय-७९७ आणि आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) मात्र सोबत ठेवा. सेंट थॉमस, सेंट जॉन आणि सेंट क्रॉय हे यूएस व्हर्जिन आयलंड्सही अमेरिकेचेच, पण तिथून परतताना विमानात बसण्याआधी अधिकारी कागद बघतात. म्हणून स्टॅम्प संपलेल्यांना मी पोर्तो रिकोच सुचवते. डोक्याला ताप नाही.

अरुबाला भारतीय पासपोर्टवर वेगळा व्हिसा लागतो का?

अमेरिकेचा चालू मल्टिपल एन्ट्री व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर लागत नाही. ईडी कार्ड नावाचा ऑनलाइन अर्ज मात्र निघण्याआधी प्रत्येकासाठी भरावा लागतो, तान्ह्या बाळासाठीसुद्धा. तो सरकारी पानावरूनच भरा. तेच काम जादा पैसे घेऊन करून देणारी पानं शोधात वर येतात. बार्बाडोस, जमैका आणि त्रिनिदाद भारतीय पासपोर्टला व्हिसाशिवाय प्रवेश देतात. बार्बाडोसला एक गंमत अनुभवाल: रांगेतला अधिकारी पासपोर्टवरचं नाव बघतो आणि क्रिकेटवर बोलायला लागतो.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत. त्यांना नेलं तर परत येताना अडचण?

त्यांचा बी-वन/बी-टू, म्हणजे पाहुण्यांचा, व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा आणि चालू असेल तर नेता येतं. परतताना किती दिवस मुक्काम द्यायचा हे अधिकारी ठरवतो, म्हणून "बेटावर जाऊन आलं की नवे सहा महिने मिळतात" असला हिशेब करू नका. त्यांच्या मुक्कामाच्या शेवटच्या आठवड्यात नको, आधीच जाऊन या. भारताच्या परतीच्या तिकिटाची छापील प्रत बाबांच्या हातात द्या, त्यांना फोनमधलं तिकीट दाखवता येईलच असं नाही. आणि अमेरिकेसाठी घेतलेला त्यांचा विमा अमेरिकेबाहेर चालतो का ते विचारून घ्या. पुष्कळ पॉलिसींत चालत नाही किंवा थोडेच दिवस चालतो.

आम्ही टोरांटोला आहोत.

मग तुमचं काम आमच्यापेक्षा सोपं. बार्बाडोस, अरुबा, डॉमिनिकन रिपब्लिकमधलं पुंता काना, सगळीकडे थेट विमानं आहेत. एकच काळजी घ्या, स्वस्त दिसलं म्हणून अमेरिकेत विमान बदलायचं तिकीट घेऊ नका. अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो.

पुण्या-मुंबईहून फक्त उन्हासाठी यावं का?

मनापासून सांगते, नको. थेट विमान नाही. लंडन, ॲम्स्टरडॅम किंवा न्यूयॉर्कमार्गे यायचं म्हणजे चोवीस तासांच्या वर प्रवास, वाटेतल्या देशाच्या ट्रान्झिट व्हिसाची चौकशी वेगळी. आणि जानेवारीत ऊन तुमच्या अंगणातच आहे. अरुबा आणि बार्बाडोस साधारण बारा-तेरा अक्षांशांवर आहेत, म्हणजे गोव्याच्याही खाली, मंगळुरूच्या रेषेत. मुलाकडे अमेरिकेला आलाच आहात तर जोडून जरूर करा. क्रिकेटच्या दौऱ्यासाठी येणार असाल तर गोष्ट निराळी, त्या वेडाला अंतर नसतं.

कधी जावं?

आमच्या घरात एकच सूत्र आहे: संक्रांत झाली की निघायचं, प्रेसिडेंट्स डेच्या (फेब्रुवारीतला तिसरा सोमवार) आत परत यायचं. नाताळ ते नववर्ष हा सगळ्यात महाग आठवडा. जानेवारीचा दुसरा आठवडा लागला की भाव उतरतात, मधला मार्टिन ल्यूथर किंग वीकएंड तेवढा टाळा. फेब्रुवारीच्या मध्यावर शाळांच्या सुट्ट्यांनी पुन्हा चढतात, आणि मार्चमध्ये कॉलेजची पोरं उतरतात. कोरडा हंगाम डिसेंबर ते एप्रिल. त्यातही पाऊस येतो, पण आपल्या श्रावणासारखा: सर आली, दहा मिनिटं भिजवून गेली, पुन्हा ऊन.

विमान सकाळचं पहिलं घ्या. बर्फाच्या दिवसांत उशीर साचत साचत संध्याकाळच्या विमानांवर जाऊन आदळतो. शिवाय दिवसाउजेडी पोचलात तर पहिल्याच संध्याकाळी समुद्र बघायला मिळतो. तिकडे सूर्य उन्हाळ्यासारखा आठ-साडेआठपर्यंत रेंगाळत नाही. अरुबाला जानेवारीत साडेसहाच्या सुमारास मावळतो, बार्बाडोसला सहाच्याही थोडं आधीच.

चक्रीवादळाची भीती?

हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. जानेवारी-फेब्रुवारीत ही काळजी बाजूला ठेवा. उन्हाळ्यात जाणाऱ्यांना मात्र मी २०२४ची आठवण करून देते. २९ जूनला बार्बाडोसच्या राजधानीत, ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर भारताने दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला, सूर्यकुमारचा तो सीमारेषेवरचा झेल सगळ्यांना पाठ आहे. पाठोपाठ बेरिल वादळ आलं, विमानतळ बंद झाला आणि जगज्जेता संघ हॉटेलात अडकून पडला. शेवटी खास विमान धाडून त्यांना आणलं, आणि ४ जुलैला मरीन ड्राइव्हवर मिरवणूक निघाली. त्यांच्यासाठी विमान आलं, आपल्यासाठी येत नाही.

अरुबा, बोनेर आणि क्युरासाओ ही तीन बेटं वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यालगत आहेत. वादळाचा थेट तडाखा त्यांना क्वचितच बसतो. पण शेजार व्हेनेझुएलाचा असल्यामुळे निघण्याआधी तिकडच्या बातम्यांवर आणि विमान कंपनीच्या सूचनांवर नजर टाका.

अरुबा म्हणे नुसतं वाळवंट आहे?

आहे. आणि म्हणूनच तिथे उन्हाची इतकी खात्री देता येते. कारण आपण शाळेच्या भूगोलात शिकलेलं आहे. व्यापारी वारे ईशान्येकडून समुद्राची वाफ घेऊन येतात. वाटेत डोंगर आला तर ढग अडतात आणि पाऊस पाडतात, जसं महाबळेश्वरला. डॉमिनिका बेटावरचा सर्वोच्च डोंगर १,४४७ मीटरचा, आपल्या कळसूबाईपेक्षा फक्त दोनशे मीटरने कमी. म्हणून ते बेट बारमाही हिरवं आणि ओलं. अरुबाचा सर्वोच्च डोंगर हामानोता १८८ मीटर. ढगांना अडवायला काही नाही, ते सरळ पुढे निघून जातात. राहतं ते माणदेशासारखं रान: निवडुंग, काटेरी झुडपं, उनाड शेळ्या आणि कोरफड. कोरफड तर त्यांच्या राजचिन्हावर आहे, एके काळी ती पिकवून हे बेट जगाला पुरवत असे.

किनारा मात्र स्वप्नातला. इगल बीचवर वाऱ्याने एका बाजूला वाकलेली जी झाडं सगळ्या फोटोंत दिसतात त्यांना सगळे दिवी-दिवी म्हणतात. खरं तर ती फोफोतीची आहेत, दिवी-दिवीही तसंच वाकतं. पहिल्या दिवशी मी त्या झाडाखाली टॉवेल अंथरला आणि दोन मिनिटांत तो उडून शेजारच्या कॅनेडियन आजींच्या मांडीवर गेला. त्यांनी काही न बोलता पिशवीतून चार मोठे चिमटे काढून दिले. आपण धोतर-साडी वाळत घालताना लावतो तसलेच. तेव्हापासून चिमटे आमच्या सामानाच्या यादीत पहिले असतात. वारा दिवसभर वाहतो. ज्यांना वारा सोसत नाही, ज्यांचे कान दुखतात, त्यांनी अरुबाचा विचार करू नये किंवा कानपट्टी न्यावी. पण याच वाऱ्यामुळे तीस अंशांतही घाम येत नाही.

नळाचं पाणी समुद्राचंच, गोडं केलेलं, आणि बेधडक पिण्याजोगं. बाटल्या विकत घेऊ नका. किनारे सगळे सार्वजनिक आहेत, हॉटेलात उतरला नसलात तरी कुणी उठवत नाही. गवताच्या छत्र्यांपैकी काही तेवढ्या हॉटेलवाल्यांनी राखलेल्या असतात.

हॉटेल बेटाच्या कुठल्या बाजूला घ्यावं?

याचं उत्तरही वाऱ्यातच आहे. पूर्वेकडची आणि ईशान्येकडची बाजू वाऱ्याच्या तोंडावर, तिथे समुद्र उसळलेला. पश्चिम आणि नैऋत्य बाजू आडोशाला, तिथे पाणी तळ्यासारखं. बार्बाडोसला पूर्वेचं बाथशेबा बघायला जरूर जा, अटलांटिकच्या लाटा तिथे प्रचंड खडकांवर फुटतात, पण पाण्यात उतरू नका. राहायचं पश्चिमेला किंवा दक्षिणेला. अरुबाचा उत्तर किनाराही असाच, बघण्यापुरता. संकेतस्थळावर "समुद्रासमोर" लिहिलेलं स्वस्त हॉटेल दिसलं की आधी नकाशा उघडून ते कुठल्या दिशेला तोंड करून उभं आहे ते बघा. किनाऱ्यावर साचणाऱ्या तपकिरी शेवाळाचा, सारगॅसमचा, त्रासही बहुतेक याच पूर्वेच्या बाजूला, आणि तो वसंत ते उन्हाळ्यात जास्त.

बार्बाडोस कुणासाठी?

ज्यांना दोन दिवसांत किनाऱ्याचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी. बेट जेमतेम ३४ किलोमीटर लांब. भाषा इंग्रजी, वाहनं आपल्यासारखी डावीकडून, आणि चलनाचा हिशेब तोंडी: दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन. सरकारी निळ्या बसने आम्ही बेटभर फिरलो. बसथांब्याच्या गोल पाटीवर फक्त दोनच गोष्टी लिहिलेल्या असतात, "शहराकडे" किंवा "शहराबाहेर". मुंबईच्या बसचे नंबर पाठ केलेल्या माणसाला हे फारच लोभस वाटतं. शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्सच्या मासळी बाजारात सगळं गाव जमतं, तिथे तळलेला मासा आणि गाणी.

केन्सिंग्टन ओव्हल बघायला माझे बाबा अक्षरशः हात जोडून गेटातून आत शिरले. त्यांच्या पिढीला वेस्ट इंडिज म्हणजे १९७१. वाडेकरांचा संघ, मडगावच्या दिलीप सरदेसाईंच्या ६४२ धावा, आणि पहिल्याच मालिकेत गावसकरांच्या ७७४. ट्रान्झिस्टर आणि वर्तमानपत्रांवर ज्यांनी ही गावांची नावं पाठ केली त्यांना ब्रिजटाउनची पाटी वाचणं हेच अर्धं पर्यटन असतं. तुमचे बाबा त्या वयाचे असतील तर अरुबाऐवजी इथेच या.

शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

नाही, उलट ओळखीच्या इतक्या गोष्टी भेटतील की आश्चर्य वाटेल. बार्बाडोसला आमच्या घराच्या मागे एक डेरेदार झाड होतं. सकाळी चहाचा कप घेऊन बाहेर गेलेले बाबा ओरडतच आत आले, "अगं, हा तर नीरफणस!" रत्नागिरीच्या आमच्या परसात तसंच झाड. घरमालकीणबाईंना विचारून एक काढला, आईने त्याचे काप केले, तिखट-मीठ-हळद लावून रव्यात घोळवून तव्यावर टाकले. बाई खिडकीतून बघत होत्या. त्यांच्याकडे तो उकडतात किंवा अख्खा निखाऱ्यावर भाजतात. त्यांनीही दोन काप खाल्ले आणि तिसरा मागितला. हे झाड १७९३मध्ये प्रशांत महासागरातून जहाजाने वेस्ट इंडिजला आणलं गेलं, मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात खायला घालता यावं म्हणून. चव तीच, इतिहास मात्र आपल्या परसातल्या झाडासारखा नाही.

कॅलालू नाव दिसलं तर विचारून घ्या. त्रिनिदादला ते अळूच्या पानांचं, भेंडी आणि नारळाचं दूध घातलेलं, आपल्या फदफद्याचं सख्खं भावंड, पण त्यात बऱ्याचदा खेकडा असतो. जमैकात त्याच नावाने माठाची भाजी मिळते. राइस अँड पीज म्हणजे राजमा किंवा तुरीसारखे दाणे घालून शिजवलेला भात. त्यात कधी कधी खारवलेलं डुकराचं मांस घालतात, म्हणून "नो मीट" एवढ्यावर न थांबता "शिजवताना मांस घातलंय का" असं विचारा. रोटीची दुकानं बार्बाडोसलाही आहेत: पिवळ्या वाटाण्याच्या डाळीची पूड भरलेली दालपुरी आणि आत छोले-बटाटा. एकीत पोट भरतं. रास्ताफारी या जमैकातल्या पंथाच्या लोकांचं खाणं "आयटल" नावाने मिळतं, ते बहुतेक शाकाहारीच.

अरुबाला असा देशी गंध नाही, पण सुपरमार्केटं भरलेली असतात. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. तिथली फुंची म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, तिचे तुकडे तळून देतात; मुलांना आवडतात. आम्ही मेतकूट, लोणचं आणि छोटा कुकर नेतो. सीलबंद पदार्थ न्या, अर्जावर लपवू नका, फळं-भाज्या मात्र जाताना नको आणि येताना तर मुळीच नको.

त्रिनिदादला आपले लोक आहेत ना? मग तिथेच का नको?

भारतीय मजुरांचं पहिलं जहाज, फतेल रझाक, ३० मे १८४५ रोजी तिथे लागलं. उसाच्या मळ्यांवर करारावर नेलेले बहुतेक लोक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे. दिवाळीला सार्वजनिक सुट्टी, सकाळच्या न्याहारीला डबल्स (मऊ पुऱ्यांत छोले), वांग्याच्या भरिताला बैगन चोका. हे सगळं अनुभवण्यासारखं आहे. पण ऊन खात पडून राहायला येणाऱ्यासाठी त्रिनिदाद सोपं नाही. गुन्हेगारीमुळे राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये सांभाळून फिरावं लागतं, आणि चांगली पुळण जोडबेटावर, टोबेगोला आहे, म्हणजे आणखी एक विमान किंवा बोट. ती दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला करण्याची सफर.

पुंता काना किंवा जमैकाचं सगळं-समाविष्ट रिसॉर्ट कसं?

मोठा गोतावळा असेल, मुलं दर तासाला काहीतरी मागत असतील आणि कुणालाच जेवणाचा विचार करायचा नसेल तर उत्तम. पण तुम्ही दारू घेत नसाल आणि शाकाहारी असाल तर इतरांच्या खाण्यापिण्याचे पैसे तुम्ही भरता, हे लक्षात ठेवा. चौथ्या दिवशी तोच पास्ता समोर येतो. जमैकाच्या पश्चिम भागाला २८ ऑक्टोबर २०२५ रोजी मेलिसा वादळाने झोडपलं. तिथलं बुकिंग करताना हॉटेल पूर्ण सुरू झालंय का, किनारा वापरता येतो का, हे फोनवर विचारा. मी तर म्हणेन चौकशी करून जाच, सावरणाऱ्या गावाला पाहुणे हवे असतात.

बहामा सगळ्यात जवळ आहे, मग?

जवळ आहे म्हणूनच थंड आहे. नासाऊ पंचविसाव्या अक्षांशावर, आपल्या पाटण्याच्या रेषेत. जानेवारीत अमेरिकेतून थंड हवेची लाट उतरली की दोन-तीन दिवस समुद्रात जाववत नाही. नशीब चांगलं असेल तर झकास, पण चार दिवसांची सुट्टी मी नशिबावर सोडणार नाही. भारतीय पासपोर्टला लागणाऱ्या कागदांचीही आधी चौकशी करावी लागते.

आई-बाबा आणि मुलं पाण्यात उतरतील असा किनारा?

अरुबाच्या दक्षिण टोकाला बेबी बीच नावाची अर्धचंद्राकृती खाडी आहे. लांबवर कमरेइतकंच पाणी, लाट नाही. फक्त जिथे खाडी समुद्राला उघडते तिकडे ओढ असते, त्या बाजूला जाऊ नका. कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्यांना भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघायची सवय असते. अरुबाला तो फरक वीत-दीड वीत, त्यामुळे सकाळी जिथे चटई टाकली तिथेच संध्याकाळी उचलायची. माझ्या सासूबाई साडी खोचून, गुडघाभर पाण्यात, प्लास्टिकच्या खुर्चीवर दीड तास बसल्या होत्या. त्यांचं पोहणं ते, आणि पाचही दिवस त्यांनी ते चुकवलं नाही.

ऊन, डास आणि बाकीचे धोके?

"आपण सावळे, आपल्याला काय ऊन लागतंय" हे डोक्यातून काढा. वाऱ्यामुळे भाजतंय हे कळत नाही आणि रात्री पाठ टेकवत नाही. लांब बाह्यांचे पोहण्याचे टीशर्ट सगळ्यांनाच घ्या. सनस्क्रीन झिंकची न्या. अरुबा आणि यूएस व्हर्जिन आयलंड्सवर ऑक्सिबेन्झोन असलेल्या सनस्क्रीनना २०२०पासून बंदी आहे, प्रवाळांना इजा होते म्हणून.

डास चावतात आणि डेंग्यू होतो. पोर्तो रिकोने मार्च २०२४मध्ये त्यासाठी आरोग्य आणीबाणी जाहीर केली होती. संध्याकाळी पूर्ण पायजमे.

बार्बाडोसच्या किनाऱ्यावर मँचिनील नावाचं झाड असतं, बोराएवढं-लिंबाएवढं हिरवं फळ, छोट्या सफरचंदासारखं दिसणारं आणि अत्यंत विषारी. पुष्कळ ठिकाणी खोडावर लाल पट्टा किंवा पाटी असते. त्याखाली पावसात उभं राहिलं तरी ठिबकणाऱ्या चिकाने कातडीवर फोड येतात. मुलांना पहिल्याच दिवशी झाड दाखवून ठेवा. आणि मुलाची लष्करी ठिपक्यांची टोपी घरीच ठेवा. बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद इथे तसे कपडे घालणं साध्या नागरिकांना, लहान मुलांनाही, कायद्याने मना आहे.

किती दिवस? गाडी घ्यावी का?

पाच रात्री. तीनमध्ये दोन दिवस विमानातच जातात. अरुबाला एक-दोन दिवसांसाठी गाडी पुरते, वाहनं उजवीकडून चालतात. बार्बाडोसला गाडी घेतली तर पाहुण्यांचा वेगळा परवाना लागतो, गाडी देणारेच काढून देतात. रस्ते अरुंद आणि उसाच्या शेतांतून, वळणावर समोरचं दिसत नाही. आम्ही बसनेच फिरतो. यूएस व्हर्जिन आयलंड्सवर स्टिअरिंग अमेरिकन बाजूला आणि गाडी मात्र डावीकडून चालवायची. तिथे घरातल्या सगळ्यात शांत माणसाच्या हाती किल्ली द्या.

परतीच्या दिवशी काय लक्षात ठेवायचं?

अरुबाहून अमेरिकेला येताना इमिग्रेशन आणि कस्टम्स अरुबाच्या विमानतळावरच होतात. न्यू जर्सीत नेवार्कला उतरलात की बॅग घेऊन थेट घरी, पण त्यासाठी तिकडे तीन तास आधी पोचावं लागतं, आणि शनिवारी तर रांगा फारच लांब. परतीचं विमान मंगळवारचं किंवा बुधवारचं बघा. पोर्तो रिकोहून निघताना सामान शेतकी खात्याच्या मशीनमधून जातं, पिशवीतला आंबा तिथेच राहतो.

आणि जाताना अंगावर असलेल्या जाड जॅकेटचं काय करायचं?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. विमानतळावर सोडायला कुणी येणार असेल तर मुलांची जॅकेटं गाडीतच परत पाठवा आणि तोच माणूस घ्यायला येताना ती घेऊन येईल असं ठरवून ठेवा. नाहीतर एक रिकामी कापडी पिशवी न्या, सगळी जॅकेटं गुंडाळून तीत कोंबा. ती बॅगेबरोबर चेक-इन मात्र करू नका, हातातच ठेवा. आमची बॅग एकदा मागे राहिली होती, आणि नेवार्कच्या पार्किंगमध्ये रात्री अकराला उणे आठ तापमान होतं. मुलीच्या पायात अजून वाळू भरलेल्या चपला होत्या.